मातीचा जमाखर्च
भूसंरक्षणाच्या संशोधनाविषयीं दात्यांस व जमीनदारांस कांहीं माहिती

दुष्काळनिवारणार्थ द्रव्यसाहाय्य करणाऱ्या सद्‌गृहस्थांचा पहिला प्रश्न स्वाभाविकच असा असतो कीं, आमच्या रुपयांनीं किती माणसें जेवलीं आणि किती गुरें जगलीं. हा प्रश्न रास्त आहे, व त्याचें उत्तर देण्यास प्रत्येक निवारण-समिति बांधलेली आहे. परंतु हेच व्यापारी गृहस्थ आपल्या पेढीचा हिशेब पाहावयास बसले म्हणजे केवळ रोजची विक्री पाहून उठत नाहींत. मूळ भांडवल शाबूत आहे कीं नाहीं, हें ते आधीं पाहतात. ज्या जमिनीवर दुष्काळ कोसळतो तिच्या भांडवलाचा हिशेब कोण ठेवतो, तो कसा ठेवला जातो, आणि त्या हिशेबाच्या अभावीं दुष्काळी कामांवरील पैसा कसा वाहून जातो, एवढेंच या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे. आम्ही स्वतः मृत्तिकाशास्त्रज्ञ नव्हों. आमचा धंदा वकिलीचा. बांधांचे, ओघळींचे व पाण्याच्या वाटांचे तंटे चालवितां चालवितां या विषयाची ओळख झाली, आणि पुढें तज्ज्ञांचे ग्रंथ वाचून ती वाढली.

एक हेक्टर शेतावरून एक मिलिमीटर जाडीचा थर, म्हणजे साधारण जाड पुठ्ठ्याएवढी माती, निघून गेली तर ती दहा घनमीटर भरते, व तिचें वजन सुमारें 13 टन होतें. 1983 सालीं ध्रुवनारायण व रामबाबू या दोन शास्त्रज्ञांनीं सर्व भारताचा अंदाज प्रसिद्ध केला. त्याप्रमाणें देशांत दरवर्षीं सुमारें 533 कोटी टन माती जागची हलते, आणि तिची सरासरी हेक्टरीं 16.35 टन पडते. यापैकीं शेंकडा 29 भाग समुद्रास मिळतो, शेंकडा 10 धरणांच्या तळाशीं बसतो, व बाकीचा एका ठिकाणाहून उठून दुसऱ्या ठिकाणीं पडतो. सोळा टन म्हणजे सव्वा मिलिमीटर. इतका ऱ्हास कोणाच्याहि डोळ्यांस दिसत नाहीं. दरवर्षींच्या नांगरटीनें व कुळवणीनें जमीन वरखालीं होत असल्यामुळें तो सहज झांकलाहि जातो. परंतु याच दरानें वीस वर्षांत एक इंच जातो, आणि तो इंच खालच्या खडकापासून पुन्हां तयार होण्यास शेंकडों वर्षें लागतात. ही सरासरी आहे हें ध्यानांत ठेवावें. सपाटीवर आंकडा कमी असतो, उघड्या उतारावर पुष्कळच मोठा.

शिवाय जातो तो माल वरच्या फळीवरचा असतो. पाणी प्रथम उचलतें तें बारीक कण, कुजलेला पालापाचोळा आणि घातलेलें खत. मुरूम मागें राहतो. कोरडवाहू मुलखांत तर नुकसान याहूनहि मोठें आहे, कारण तेथें मातीची खोली हाच तलाव असतो. सोलापूरकडील रब्बीची ज्वारी पेरली जाते ती पाऊस संपत आल्यावर, आणि पुढील सगळी वाढ ती जमिनींत सांठलेल्या ओलीवर करते. भारी काळ्या जमिनीच्या एक मीटर खोलींत पिकास घेतां येईल असें सुमारें 150 ते 200 मिलिमीटर पाणी राहतें. वीतभर मातीखालीं मुरूम लागला तर त्याचा पांचवा हिस्साहि राहत नाहीं. म्हणूनच एकाच गांवांत, एकाच पावसावर, एका शेतांतील ताटें हिरवीं राहतात आणि शेजारच्या बरड जमिनींत तीं निसवण्यापूर्वींच वाळतात. आणेवारी लावणारा अधिकारी दोन्ही शेतें पाहतो. पण दुसऱ्या शेतांतील तलाव कोणत्या वर्षीं, कोणाच्या हातून फुटला, याची नोंद त्याच्या कागदांत कोठेंहि नसते.

ती नोंद ठेवण्याचें काम ज्यानें पत्करलें तोच भूसंरक्षणाचा संशोधक होय. अमेरिकेंत ह्यू हॅमंड बेनेट हा मृत्तिकाशास्त्रज्ञ 1905 सालीं व्हर्जिनिया संस्थानांत जमिनींची पाहणी करीत असतां त्यास शेजारशेजारचे दोन तुकडे आढळले. एकावर झाडी होती, व तेथील माती मऊ, ओलसर व काळसर होती. दुसरा पिढ्यान् पिढ्या नांगरलेला, व त्याची माती कठीण चिकणी झालेली. दगड तोच, उतार तोच. केवळ घळी पडल्यानें नव्हे, तर पातळ पापुद्र्यानें सर्व शेतावरून सारखी माती जाते, हें त्यास तेथें दिसलें. पुढें तीस वर्षें तो हीच गोष्ट सांगत राहिला. 1935 सालीं धुळीचीं वादळें राजधानीपर्यंत येऊन पोंचलीं, तेव्हां कोठें 27 एप्रिल रोजीं तेथील भूसंरक्षणाचा कायदा झाला. परंतु आमच्या मतें बेनेटच्या व्याख्यानांपेक्षांहि मोठें काम मिसूरी संस्थानांतील मिलर व डूली यांच्या मुकाट मोजणीचें आहे. त्यांनीं 1917 सालीं एकाच उतारावर लहान लहान तुकडे पाडले, प्रत्येकाच्या पायथ्याशीं हौद बसविला, आणि पावसागणिक किती पाणी व किती माती उतरली तें लिहून ठेवलें. चौदा वर्षांची सरासरी अशी निघाली : नांगरून उघडी ठेविलेली जमीन एकरीं 41 टन माती गमावते, दरसाल मका घेतलेली सुमारें 20 टन, मका, गहूं व क्लोव्हर नांवाचें द्विदल गवत यांची फेरपालट केलेली पावणेतीन टन, आणि कायम गवताखालची सुमारें एक तृतीयांश टन. जमीन एक, पाऊस एक, उतार एक. फरक फक्त वरील आच्छादनाचा. हे आंकडे हातीं नसते, तर माती जाते ती दैवानें कीं वहिवाटीनें, हा वाद आजहि चालूच राहिला असता.

आपल्या प्रांतांतहि हें काम उशिरां सुरू झालें नाहीं, याचा वाचकांस अभिमान वाटावा. 1923 सालीं पुण्याजवळ मांजरी येथील शेतावर तांबे-पितळेच्या भांड्यांनिशीं नव्हे तर फावडें व तराजू घेऊन कोरडवाहू शेतीच्या संशोधनास ताम्हणे यांनीं आरंभ केला. तें पुढें ना. वि. कानिटकर यांनीं चालविलें. 1933 सालापासून सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर व रोहतक अशीं पांच केंद्रें उघडण्यांत आलीं. सोलापुरास उतारावरील तुकड्यांवरून वाहणारें पाणी व माती मोजण्याचे प्रयोग झाले, आणि त्या सर्व अनुभवाचा सारांश कानिटकरांच्या 1944 सालच्या इंग्रजी ग्रंथांत आला. बांध घालावे, तीन वर्षांतून एकदां खोल नांगरट करावी, शेणखत घालावें, बीं कमी वापरून ओळी दूर ठेवाव्या, आणि पिकांत वरचेवर कोळपणी करावी, अशी ही ‘मुंबईची कोरडवाहू पद्धति’ देशभर ठाऊक झाली. 1942 सालीं मुंबई सरकारनें जमीनसुधारणा-योजनांचा कायदा केला, आणि बांधबंदिस्तीस सरकारी हात लागला.

येथपर्यंतची हकीगत ऐकून कोणासहि वाटेल कीं, आतां शास्त्राचें काम संपलें. बांध घालावे कीं झालें! प्रत्यक्षांत खरें काम येथूनच सुरू झालें. समपातळीचे बांध मध्यम व हलक्या जमिनींत चांगले टिकले. परंतु भारी काळ्या जमिनींत ते फुटूं लागले. कारण त्या मातीच्या स्वभावांत आहे. तींतील चिकणकण ओले झाले म्हणजे फुगतात व वाळले म्हणजे आकसतात. उन्हाळ्यांत शेतास भेगा पडतात, त्या बांधाच्या पोटांतहि शिरतात, कारण बांध त्याच मातीचा असतो. पहिल्या वळवाचें पाणी भेगेंत घुसतें, भेगेचें भोंक होतें, आणि भोंकाचें खिंडार. तेथून सुटलेला लोट एका जागीं एकवटल्यामुळें बांध नसता तर झाली नसती एवढी मोठी घळ पाडतो. बांध न फुटला तरी सुख नाहीं. फुगलेली काळी जमीन पाणी फार सावकाश पिते. बांधाच्या वरच्या अंगास तें आठआठ दिवस तुंबतें, पीक पिवळें पडतें, वापसा येत नाहीं, व पेरणीचा हंगाम टळतो. मग शेतकरी रात्रीं कुदळ घेऊन स्वतःच बांध फोडतो, आणि सरकारी अहवालांत त्यास ‘अज्ञानी’ म्हणून संबोधण्यांत येतें. आमच्या मतें त्या रात्रीपुरता तरी तोच शहाणा होता.

1954 सालीं बल्लारीस काळ्या जमिनींकरितां भूसंरक्षण-संशोधनाचें केंद्र निघालें, आणि तेथील व इतर ठिकाणच्या दीर्घ निरीक्षणांतून असें ठरलें कीं, खोल काळ्या जमिनींत बांधास किंचित् ढाळ द्यावा, पाणी हळूहळू चालतें ठेवावें, व तें गवत लावलेल्या वाटेनें नाल्यांत सोडावें. यांसच ढाळीचे बांध म्हणतात. सोलापूरच्या संशोधकांनीं त्यांस आणखी एक स्वस्त जोड दिली : पावसाळ्यांत जमीन मोकळी असतांना बैलाच्या सारायंत्रानें लहान चौकोनी बंदिस्त वाफे पाडावे, पडलेला पाऊस जेथल्या तेथें मुरवावा, आणि मग रब्बीची पेरणी करावी. या कामास ना दगड लागतो ना ठेकेदार. म्हणूनच कीं काय, त्याचा बोलबाला कमी आहे.

आतां हे निर्णय कसे होतात तें सांगितल्यावांचून त्यांची किंमत कळणार नाहीं. संशोधक नव्या शिवारांत जातो तो प्रथम माणसाच्या छातीइतका खड्डा खणवितो. त्याच्या उभ्या भिंतींत थर दिसतात. वरची काळी, मधली चुनखडीची, खालीं पिवळट मांजऱ्या किंवा मुरूम. प्रत्येक थराचा रंग तो रंगांच्या छापील पुस्तकाशीं ताडून पाहतो, ओली माती बोटांत वळून तिची पट्टी कितपत लांब निघते तें पाहतो, व आम्लाचा थेंब टाकून चुना फसफसतो काय हें पाहतो. मग एकांत एक अशीं दोन लोखंडी कडीं जमिनींत ठोकून त्यांत पाणी भरतो, आणि घड्याळ घेऊन आंतल्या कड्यांतील पाणी तासाला किती उतरतें तें मोजीत बसतो. अमेरिकेंत नमुन्याचा मोजणीतुकडा 72.6 फूट लांब ठरलेला आहे. हा आंकडा विचित्र दिसतो. परंतु सहा फूट रुंदीनें गुणिला असतां तो बरोबर एकराचा शंभरावा भाग होतो, आणि हिशेब सोपा जातो. हिशेबनिसास हें पटेल. तुकड्याच्या पायथ्याशीं हौद असतो. पाऊस मोठा असेल तर वाहत्या पाण्याचा ठराविक अंशच त्यांत पडेल अशी खांचांची फळी मध्यें बसविलेली असते. पाऊस थांबला कीं, मग ती वेळ पहाटेची असो वा सणाची, जाऊन पाण्याची उंची मोजावयाची, हौद ढवळून बाटल्या भरावयाच्या, त्यांतील गाळ भट्टींत 105 अंशांवर सुकवून तोलावयाचा. वर्षभरांत जाणाऱ्या मातीचा बहुतेक भाग चारपांच मोठ्या सरींतच जातो. त्या दिवशीं हौदावर माणूस नसेल, तर बाकीच्या सगळ्या नोंदी असून नसून सारख्याच.

अशा मोजणींतून कधीं कधीं अगदीं अनपेक्षित गोष्ट हातीं लागते. दक्षिण ऱ्होडेशियांत, म्हणजे आजच्या झिंबाब्वेंत, नॉर्मन हडसन या संशोधकानें हेंडर्सन येथील संशोधन-केंद्रावर दोन तुकडे अगदीं उघडे, हातानें खुरपून स्वच्छ ठेवले. एकावर मात्र जमिनीपासून थोड्या उंचीवर मच्छरदाणीची जाळी ताणली. जाळीनें पाऊस अडत नव्हता. थेंबाचा फक्त मार मोडत होता. दहा वर्षांच्या सरासरीनें जाळीविना तुकड्यावरून शंभर पटींहून अधिक माती गेली. मातीचा पहिला वैरी वाहतें पाणी नव्हे, थेंबाचा आघात होय. तो कण सुटे करतो, जमिनीचीं छिद्रें बुजवितो, आणि मग पाणी वाहावयास लागतें. ज्यास हें कळलें तो कडबा काढल्यावर धसकटें जाळणार नाहीं, कारण तीं धसकटें हीच त्याची जाळी आहे. बांधावर सहस्रावधि रुपये खर्चून दोन बांधांमधील जमीन उघडी ठेवणाऱ्यानें या प्रयोगाचा विचार करावा.

या सर्वांत दात्यांशीं संबंध येतो तो काळाचा. अमेरिकेंत 49 ठिकाणच्या दहा हजारांहून अधिक तुकडा-वर्षांच्या नोंदी एकत्र झाल्या, तेव्हां विशमायर व स्मिथ यांस 1965 सालीं पाऊस, मातीचा स्वभाव, उताराची लांबी, त्याचा चढ, पीक व बंदिस्ती या सहा गोष्टींवरून मातीचा ऱ्हास आगाऊ काढण्याचें गणित छापतां आलें. हैदराबादजवळ पटनचेरू येथें आंतरराष्ट्रीय संस्थेनें 1976 सालीं खोल काळ्या जमिनीवर दोन पद्धती समोरासमोर ठेवल्या : एक जुनी, पावसाळ्यांत पडीक ठेवून रब्बीस पीक घेण्याची, दुसरी रुंद वाफे व सऱ्या पाडून, खत घालून, खरिपांतच जोडपीक घेण्याची. अनेक वर्षांची सरासरी जुन्या पद्धतीस हेक्टरीं सुमारें एक टन धान्य, व नव्या पद्धतीस सुमारें पांच टन; आणि मातीचा ऱ्हास जुनींत नवीच्या सुमारें चौपट. दोनतीन वर्षांनीं प्रयोग बंद पडता, तर चांगल्या पावसाचा गुण पद्धतीस किंवा वाईट पावसाचा दोष पद्धतीस लागला असता. अवर्षणाच्या मुलखांत दहा वर्षें म्हणजे कोठें एका दुष्काळाची गांठ पडते. सरकारी अनुदान वर्षाचें असतें. योजना तीन वर्षांची असते. आणि माणसाची बदली मध्येंच होते. तुटलेल्या वर्षाची नोंद मागाहून पैसे देऊनहि विकत मिळत नाहीं.

इंग्लंडांत जॉन बेनेट लॉज हा स्वतः जमीनदार, व खतांच्या कारखान्यांतून श्रीमंत झालेला व्यापारी. त्यानें रॉथमस्टेड येथील आपल्या शेतांत 1843 सालीं गिल्बर्ट या रसायनशास्त्रज्ञास हाताशीं घेऊन प्रयोग मांडले, आणि 1889 सालीं एक लक्ष पौंडांचा विश्वस्तनिधि करून ते आपल्यामागें चालतील अशी व्यवस्था लावली. तेथील गव्हाचें शेत आजतागायत चालू आहे, आणि जुन्या मातीच्या बरण्या मोहरबंद ठेविलेल्या आहेत. ज्या परीक्षेची कल्पनाहि लॉजच्या काळीं नव्हती ती परीक्षा आज त्या मातीवर करतां येते. वकिलाच्या दृष्टीनें आम्हांस त्या निधीच्या रकमेपेक्षां त्याच्या कायमपणाचें कौतुक वाटतें.

आपल्याकडे 1972 च्या दुष्काळांत मे 1973 मध्यें महाराष्ट्रांत सुमारें 50 लक्ष माणसें दुष्काळी कामांवर होतीं. त्या कामांनीं माणसें जगविलीं, हें निर्विवाद. त्यांतूनच पुढें रोजगार हमीचा कायदा झाला, व तो 26 जानेवारी 1979 पासून अंमलांत आला. परंतु खडी फोडण्याचीं कामें एवढीं कां निघालीं? कारण खडीस तज्ज्ञ लागत नाहीं. बंदिस्तीस लागतो, आणि दुष्काळ पडल्यावर त्यास शोधावयास निघालें तर खड्डे खणून, पातळ्या घेऊन आराखडा होईपर्यंत मजूर उपाशी राहतो. आराखडा सुकाळांत तयार असला पाहिजे. पुण्याचे उद्योजक विलासराव साळुंखे यांनीं हीच फोड-खडी पाहून पुरंदर तालुक्यांत नायगांव येथें देवस्थानची सुमारें चाळीस एकर ओसाड जमीन खंडानें घेतली, आणि उतारावर बांध, पायथ्याशीं पाझर तलाव व त्याखालीं विहीर असा पाणलोटाचा सबंध विचार करून दाखविला. कारखानदाराचा हिशेबीपणा तेथें कामास आला.

कायद्याची एक अडचण मात्र आम्ही नमूद करूं. 1882 च्या सुखाधिकार-कायद्याच्या सातव्या कलमान्वयें वरच्या जमिनीवर पडलेलें पाणी नैसर्गिक रीतीनें खालच्या जमिनींत उतरूं देणें खालच्या मालकास भाग आहे. आमच्याकडे येणाऱ्या तंट्यांत वरचा मालक बांध घालून पाणी एका कोपऱ्यास एकवटतो, खालच्याची ताल फुटते, आणि दोघेहि न्यायालयांत नकाशे मांडतात. दोन्ही नकाशांवर गट क्रमांक असतात. उताराची रेषा एकावरहि नसते. पाणी सातबारा वाचीत नाहीं. म्हणून माथ्यापासून पायथ्यापर्यंतच्या सर्व खातेदारांची संमति एका कागदावर घेऊन मगच बंदिस्ती करावी. त्या कागदास लागणारा खर्च पुढील एका दाव्याच्या खर्चाहून नेहमींच कमी असतो.

तेव्हां दात्यांनीं बंदिस्तीच्या कोणत्याहि कामास पैसा देण्यापूर्वीं आराखडा करणाऱ्यास विचारावें कीं, माती किती खोल खणून पाहिली, सांडवा कोठें काढला व त्याखालीं पाणी कोठें जाणार, आणि पुढील तीन पावसाळे बांधांवर देखरेख कोणाची. उत्तर न मिळाल्यास रक्कम राखून ठेवावी. शंभर रुपयांपैकीं पांच रुपये मोजणीसाठीं म्हणून वेगळे लिहून दिले तर अधिक चांगलें. त्यांतून पर्जन्यमापक येतो, आणि पावसाळ्यापुरता गांवांतीलच एखादा शिकलेला मुलगा नोंदीस ठेवतां येतो.

जमीनदार गृहस्थांस तर खर्चाचेंहि कारण नाहीं. आपल्या शेतांतून पाणी जेथें बाहेर पडतें तेथें पहिल्या मोठ्या पावसांत उभें राहून कांचेची एक स्वच्छ बाटली भरावी. ती दोन दिवस न हलवितां ठेवावी, व तळाशीं बसलेल्या गाळाची उंची पट्टीनें मोजावी. बंदिस्तीपूर्वींची एक व नंतरच्या प्रत्येक वर्षाची एक, अशा बाटल्या कोनाड्यांत ओळीनें ठेवाव्या, आणि प्रत्येकीवर गट क्रमांक, तारीख व त्या दिवशींचा पाऊस लिहून ठेवावा.